मोठा वूफर खरोखरच मंद असतो का?

बडोद्यात स्पीकरचा शौक असलेल्या मंडळींत एक समजूत इतकी पक्की बसली आहे की तिची कोणी फारशी उलटतपासणीच करत नाही. वूफर, म्हणजे बेस अर्थात खालचे स्वर वाजवणारा ड्रायव्हर (स्पीकरमधला आवाज काढणारा भाग), बारा इंचांच्या पुढे गेला की बेस सुस्तावतो, आणि आठ किंवा दहा इंची ड्रायव्हर घेतला तर तो चपळ, घट्ट आणि नेमका राहतो, असे दुकानदारही सांगतात आणि स्वतःला जाणकार म्हणवणारे मित्रही सांगतात. मांजलपूरला नव्या फ्लॅटमध्ये राहायला गेलेल्या माझ्या भाच्याच्या कानावरही तेच आले होते. "मामा, पंधरा इंची घेतला तर तबला मार खाईल ना?" असे त्याने विचारले, तेव्हा फोनवर दोन वाक्यांत उत्तर देणे मला प्रशस्त वाटले नाही. माझे मत असे की ड्रायव्हरच्या व्यासावरून बेसचा वेग ठरत नाही. लोकांना जो मंदपणा ऐकू येतो तो खरा असतो, पण त्याचा दोष ज्याच्या माथी मारला जातो त्याचा त्यात वाटा फार थोडा असतो.

सबवूफर म्हणजे फक्त खालचे स्वर वाजवणारा वेगळा स्पीकर. त्याच्या संदर्भात वेग म्हणजे काय, हे आधी ठरवले पाहिजे. ४० हर्ट्झचा स्वर म्हणजे कोनाने (ड्रायव्हरच्या शंकूसारख्या पडद्याने) सेकंदाला ४० वेळा पुढे-मागे जाणे, आणि त्याच्या एका आवर्तनाला २५ मिलिसेकंद लागतात. हे आवर्तन आठ इंची ड्रायव्हरने पूर्ण केले काय किंवा अठरा इंचीने केले काय, वेळ तेवढाच लागतो. लागला नाही तर तो स्वर ४० हर्ट्झचा राहणारच नाही. शिवाय सबवूफरला आपण बहुधा ८० हर्ट्झवर छाटतो. ज्या संकेतातून ८० हर्ट्झच्या वरचे सारे काढून टाकले आहे, तो संकेत सुमारे चार मिलिसेकंदांहून लवकर वर चढूच शकत नाही, मग त्यापुढे कोणताही ड्रायव्हर जोडा. डग्ग्यावर बोट पडते तेव्हाची 'टप्' किंवा ड्रमच्या पायपट्टीचा ठोका हा कित्येक शे ते काही हजार हर्ट्झमधला मामला आहे आणि तो मुख्य स्पीकरमधून येतो. सबवूफरच्या वाट्याला येते ते त्या ठोक्यामागचे अंग. त्यामुळे एखादा सबवूफर 'वेगवान' वाटत असेल तर त्यातील बरेचसे श्रेय शेजारच्या बुकशेल्फ स्पीकरला, म्हणजे लहान मुख्य स्पीकरला, द्यावे लागेल.

आता वजनाचा मुद्दा घेऊ, कारण सगळा संशय तिथूनच सुरू होतो. मोठा कोन जड असतो, जड वस्तू हलवायला वेळ लागतो, म्हणून मोठा वूफर मंद, असा हा तर्क आहे. तो ऐकायला सरळ वाटला तरी त्यात दोन गोष्टी निसटतात. पहिली म्हणजे पंधरा इंची ड्रायव्हरचे हलते वजन आठ इंचीच्या तीन-चारपट असले, तरी त्याला ढकलणारी व्हॉइस कॉइल (तारेचे वेटोळे) आणि मागचा मॅग्नेटही त्याच मानाने मोठे असतात. आणि समजा, वजन वाढले पण जोर तेवढाच राहिला, तर आवाज लहान होतो. तो उशिरा येत नाही. त्वरण कमी झाल्याचा परिणाम डेसिबलमध्ये दिसतो, घड्याळात दिसत नाही.

दुसरी गोष्ट अधिक मजेची आहे. आवाजाची पातळी ठरते ती कोनाने किती हवा सरकवली यावर, म्हणजे कोनाचे क्षेत्रफळ आणि त्याची चाल यांच्या गुणाकारावर. आठ इंची ड्रायव्हरचे परिणामकारक क्षेत्रफळ साधारण २१५ चौरस सेंटिमीटर भरते, बारा इंचीचे ५०० च्या आसपास आणि पंधरा इंचीचे ८३० च्या आसपास. म्हणजे ३० हर्ट्झचा जो स्वर पंधरा इंची कोन ३ मिलिमीटर हलून काढतो, तोच स्वर तेवढ्याच जोरात काढायला आठ इंची कोनाला जवळजवळ १२ मिलिमीटर धावावे लागते, आणि तेही तेवढ्याच वेळात. वेग हाच शब्द कोनाला लावायचा असेल तर लहान कोन चौपट वेगाने पळतो, हे खरे आहे. पण ती त्याची गुणवत्ता नव्हे, ती त्याची दमछाक आहे. स्वर एक सप्तक खाली उतरला की तेवढ्याच आवाजासाठी चाल चौपट लागते, हा हिशेबही सोबत ठेवला म्हणजे लहान ड्रायव्हर ४० हर्ट्झच्या खाली का हात टेकतो ते कळते.

हे मी कागदावरून सांगत नाही. माझ्याकडे आठ इंची, बंद बॉक्सचा एक जुना सबवूफर आहे. एका मित्राकडून पंधरा इंची बंद बॉक्स थोड्या दिवसांसाठी मागून आणला, आणि दोन्ही भाच्याच्या हॉलमध्ये एकाच कोपऱ्यात शेजारी-शेजारी ठेवले. एकच ३० हर्ट्झचा स्वर, मायक्रोफोनवर एकच पातळी. आठ इंचीच्या कोनाची कड डोळ्यांना धूसर दिसत होती, भोवतालची रबराची गोट दोन्ही बाजूंना पूर्ण ताणली जात होती, आणि कान जवळ नेला तर स्वराखेरीज एक घोगरी फरफर ऐकू येत होती. पंधरा इंचीवर नुसती नजर टाकली असती तर तो बंद आहे असेच वाटले असते. बोट हलकेच टेकवल्यावर कंप कळत होता.

ती फरफर महत्त्वाची आहे. कॉइल मॅग्नेटच्या फटीबाहेर जाऊ लागली की ड्रायव्हर मूळ ३० हर्ट्झसोबत ६० आणि ९० हर्ट्झचे उपस्वर स्वतःच्या पदरचे घालू लागतो. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३ साली दाखवून दिले की आपला कान खालच्या स्वरांना वरच्यांच्या मानाने कितीतरी कमी संवेदनशील असतो. त्यामुळे ३० हर्ट्झचा खरा स्वर जेमतेम जाणवतो आणि ६०-९० चा भेसळीचा भाग मात्र ठळक ऐकू येतो. लहान सबवूफरच्या ज्या 'ठसक्या'चे कौतुक होते, त्यातील काही वाटा या भेसळीचा असतो असे माझे मत आहे. ऐकायला तो वाईट लागतो असेही नाही, पण तो रेकॉर्डिंगमध्ये नसतो.

मग मंदपणा येतो कुठून? पहिले ठिकाण बॉक्स. बंद पेटीत बसवलेला ड्रायव्हर हवेच्या स्प्रिंगवर झुलतो, आणि धक्का थांबल्यावर तो किती लवकर स्थिरावतो हे एका आकड्याने मोजतात, त्याला क्यूटीसी म्हणतात. आपल्याकडच्या घराघरांतल्या हिंचक्यासारखेच हे आहे. कोणी उठून गेल्यावर एखादा हिंचका लगेच थांबतो आणि एखादा कड्या वाजवत कितीतरी वेळ झुलत राहतो. फरक हिंचक्याच्या लांबी-रुंदीचा नसतो, तो अडवणुकीचा असतो. क्यूटीसी ०.७ च्या आसपास असेल तर बेस आटोपशीर राहतो, ०.५ ला तो अगदी कोरडा होतो, आणि १ च्या वर गेला की एक फुगवटा येऊन घुमू लागतो. समजा, एखाद्या ड्रायव्हरचा स्वतःचा क्यू (पेटीत बसवण्याआधीचा तोच आकडा) ०.५ आहे आणि त्याच्या लवचीकतेशी जुळणारी हवा ८० लिटर आहे. त्याला ८० लिटरची पेटी दिली तर क्यूटीसी ०.७ येतो, ४० लिटरची दिली तर ०.८७, आणि गाडीच्या डिकीत जागा नाही म्हणून २० लिटरमध्ये कोंबला तर १.१ च्या पुढे जातो. मोठ्या ड्रायव्हरला बहुधा मोठी पेटी लागते आणि ती देण्याची तयारी फार थोड्यांची असते. 'पंधरा इंची घुमतो' ही कीर्ती पुष्कळ अंशी या कोंबाकोंबीतून आली आहे.

हे सारे गणित काही नवे नाही. ऑस्ट्रेलियातील नेव्हिल थील यांनी १९६१ मध्ये आणि रिचर्ड स्मॉल यांनी १९७० च्या दशकाच्या आरंभी ते इतके व्यवस्थित मांडले की आज कोणत्याही ड्रायव्हरच्या कागदावर थील-स्मॉल आकडे छापलेले असतात. त्याही आधी, १९५४ साली, एडगर व्हिल्चर यांनी अकूस्टिक रिसर्च या कंपनीच्या एआर-१ स्पीकरमध्ये बारा इंची वूफर एका लहानशा बंद पेटीत बसवला. त्याच्या स्वच्छ बेसचे तेव्हा मोठे कौतुक झाले, कारण तो ड्रायव्हर त्या पेटीसाठीच बेतलेला होता. बारा इंच म्हणजे मंद हा निष्कर्ष तेव्हाच निकालात निघायला हवा होता.

पोर्ट (हवा आत-बाहेर जाणारी नळी) असलेल्या पेटीची गोष्ट थोडी वेगळी आहे. तिथे पोर्टच्या ट्यूनिंगजवळ, म्हणजे तो ज्या स्वराला जुळवलेला असतो त्याच्याजवळ, आवाज खरोखर काही मिलिसेकंद अधिक रेंगाळतो, आणि ट्यूनिंगच्या खाली कोनाला हवेचा आधार राहत नाही. ट्यूनिंग २० हर्ट्झजवळ असेल तर हा विलंब संगीताच्या वाटेत येत नाही. स्वस्त पेट्यांमध्ये ते ४५-५० हर्ट्झवर असते आणि नेमके बेस गिटारच्या अंगावर येऊन पडते.

पण बॉक्सचा हा सगळा हिशेब केल्यावरही मुख्य आरोपी मोकळाच राहतो, आणि तो म्हणजे खोली. आकडेच पाहावेत. ४० हर्ट्झवर अनुनाद (आपोआप घुमण्याचा स्वर) असलेली, क्यूटीसी ०.७ ची पेटी ६० डेसिबलने खाली यायला सुमारे ४० मिलिसेकंद घेते. तीच पेटी बिघडवून क्यूटीसी १.१ वर नेली तर सुमारे ६० मिलिसेकंद लागतात. भाच्याच्या हॉलमध्ये आरईडब्ल्यू या मोफत सॉफ्टवेअरने मोजमाप घेतले तेव्हा ३८ हर्ट्झजवळच्या स्वराची आलेखातली कड अर्धा सेकंद उलटल्यावरही पुरती उतरलेली नव्हती. म्हणजे चांगल्या आणि वाईट पेटीत २० मिलिसेकंदांचा फरक, आणि खोलीचे रेंगाळणे त्याच्या वीस-पंचवीसपट. ज्याला आपण सुस्त बेस म्हणतो तो बहुतेक वेळा ड्रायव्हर थांबल्यानंतरही खोलीतच वाजत राहिलेला असतो.

त्या हॉलची मापे पंधरा फूट बाय अकरा फूट, उंची दहा फूट. ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर धरला तर लांबीच्या दिशेने पहिला अनुनाद साडेसदतीस हर्ट्झवर येतो, रुंदीच्या दिशेने ५१ वर आणि उंचीच्या दिशेने ५६ वर. याच पट्ट्यात बहुतेक सगळा बेस असतो. शिवाय आपली घरे विटांची आणि सिमेंटची. नऊ इंची भिंत दोन्ही अंगांनी गिलावा केलेली, वर काँक्रीटचा स्लॅब, खाली व्हिट्रिफाइड टाइल. या खोलीतून ४० हर्ट्झचा आवाज बाहेर जाणार कसा? अमेरिकेतली घरे पुष्कळदा लाकडी सांगाड्यावर जिप्समचे पत्रे ठोकून केलेली असतात, ते पत्रे खालच्या स्वरांवर स्वतः हलतात आणि बराच बेस गिळून टाकतात. तिकडच्या परीक्षणात 'बेस अत्यंत चपळ' असे वाचून इकडे तोच सबवूफर मागवणाऱ्याने हे ध्यानात ठेवलेले बरे. परीक्षण खोटे नसते. भिंत वेगळी असते.

आणि इथेच लहान वूफरच्या चपळपणाचे कोडे उलगडते. आठ इंची बंद पेटी ४०-४५ हर्ट्झच्या खाली झपाट्याने ओसरते, त्यामुळे ती खोलीचा साडेसदतीसचा अनुनाद फारसा जागा करत नाही. पंधरा इंची तो स्वर पुरेपूर देतो आणि खोली घुमू लागते. ऐकणारा प्रामाणिकपणे सांगतो की लहान वूफर स्वच्छ आहे आणि मोठा गढूळ. त्याचे कान बरोबर असतात, कारण मात्र चुकते. आम्ही पंधरा इंचीला इक्वलायझरने ३८ हर्ट्झवर खाली ओढले, दोघांच्या पातळ्या जुळवल्या, पुढे चादर टांगली आणि भाच्याला एकल तबल्याचे रेकॉर्डिंग ऐकवले. मध्यम आवाजात कोणता कोणता हे त्याला सांगता येईना. आवाज वाढवल्यावर मात्र लगेच सांगता आले, कारण आठ इंचीची फरफर सुरू झाली.

ज्याला हे उपद्व्याप करायचे नसतील त्याने नवरात्रात फक्त कान उघडे ठेवावेत. गरब्याच्या मोठ्या मैदानांवर लावलेले सबवूफर बहुधा अठरा इंची असतात, एकेका पेटीत दोन-दोन. त्यांतून येणारा ढोल सुस्त आहे असे आजवर एकाही बडोदेकराने म्हटलेले मी ऐकलेले नाही. ठोका छातीवर बसतो आणि तिथेच संपतो. मैदानाला भिंती नसतात, छत नसते, परत येऊन घुमायला आवाजाला जागाच नसते. त्याच पेट्या लग्नाच्या बंदिस्त हॉलमध्ये वाजल्या की पंगतीत शेजारच्याचे बोलणे कळत नाही. ड्रायव्हर तोच, ॲम्प्लिफायर तोच. अठरा इंची मंद असता तर त्याने गरब्याची लय आधी बिघडवली असती, आणि लयीच्या बाबतीत या शहराची सहनशक्ती फार कमी आहे.

आकाराशी जोडलेली एक तक्रार मात्र मी मान्य करतो. गाड्यांसाठी बनवलेल्या कित्येक बारा-पंधरा इंची ड्रायव्हरमध्ये कॉइल फार लांब आणि अनेक थरांची असते. अशा कॉइलचे इंडक्टन्स (बदलत्या विद्युतप्रवाहाला होणारा विरोध) जास्त असते, त्यामुळे ८०-१०० हर्ट्झच्या वर आवाज उताराला लागतो. लहान मुख्य स्पीकर वापरणारे क्रॉसओव्हर (मुख्य स्पीकर आणि सबवूफर यांच्यातली स्वरांची सीमा) १२० हर्ट्झवर ठेवतात, तेव्हा मधेच एक खड्डा पडतो आणि ठोका पोकळ होतो. पण हे व्यासाचे दुखणे नाही, कॉइलच्या रचनेचे आहे. मॅग्नेटच्या मधल्या खांबावर तांब्याची किंवा अ‍ॅल्युमिनियमची कडी बसवलेले मोठे ड्रायव्हर या परीक्षेत सहज उतरतात. ॲम्प्लिफायरच्या डॅम्पिंग फॅक्टरचे (कोनाला तो किती आवरतो याचे) मोठमोठे आकडे पाहून भुलण्यातही अर्थ नाही. कॉइलचा स्वतःचा रोध इतका असतो की वीस-तीसच्या पुढचा आकडा कानापर्यंत पोहोचत नाही.

आता गरज किती, हा प्रश्न उरतो, आणि तो आपण काय ऐकतो यावर अवलंबून आहे. पुरुष गायकाची काळी एक पट्टी धरली तर त्याचा षड्ज १३९ हर्ट्झच्या जवळ येतो आणि तानपुऱ्याची खर्जाची तार ६९ वर. डग्ग्याचे अंगही फार खाली जात नाही. सूरसागर तलावासमोरच्या संगीत महाविद्यालयात समोर बसून ज्याने तबला ऐकला आहे त्याला माहीत असते की डग्ग्याची गंमत स्वर किती खाली उतरतो यात नसून मनगटाच्या दाबाने सरकणाऱ्या स्वरात असते. केवळ एवढेच ऐकणाऱ्याला चांगला आठ किंवा दहा इंची सबवूफर भरपूर आहे, आणि पंधरा इंचीवर पैसे घालवण्याचे कारण नाही. बेस गिटारची सर्वांत खालची तार ४१ हर्ट्झची, तिथे दहा-बारा इंची शोभतो. चित्रपटांतील स्फोट, इलेक्ट्रॉनिक संगीत, २०-३० हर्ट्झमधला गडगडाट मोठ्या आवाजात हवा असेल, तर क्षेत्रफळाला पर्याय नाही. ते एका मोठ्या कोनातून मिळवा किंवा दोन मध्यम कोनांतून. बारा इंची दोन घेतले की क्षेत्रफळ पंधरा इंचीच्या पुढेच जाते.

भाच्याने शेवटी बारा इंची, बंद पेटीचा घेतला. पंधरा इंचीला योग्य क्यूटीसीसाठी जी पेटी लागली असती ती दिवाणाएवढी झाली असती, एवढेच कारण. मांडणीवर मात्र आम्ही खरेदीपेक्षा जास्त वेळ घालवला. कोपऱ्यात ठेवलेला सबवूफर खोलीचे सगळे अनुनाद एकदम उठवतो, म्हणून तो तिथून काढून पंधरा फुटी भिंतीच्या बरोबर मध्यावर नेला. लांबीच्या पहिल्या अनुनादाचा दाब तिथे शून्य असतो, आणि शून्याच्या जागी बसलेला सबवूफर तो अनुनाद चेतवू शकत नाही. ३८ हर्ट्झची कड आलेखावर दिसण्याइतकी खाली आली. मग विलंबाचा मेळ घातला: सबवूफरमधील डीएसपीमुळे (संकेतावर प्रक्रिया करणाऱ्या चिपमुळे) आवाज काही मिलिसेकंद मागे पडत होता, आणि ८० हर्ट्झवर सव्वासहा मिलिसेकंद म्हणजे अर्धे आवर्तन, म्हणजे मुख्य स्पीकर पुढे ढकलत असताना सबवूफर मागे ओढतो. रिसीव्हरमधले सबवूफरचे अंतर टप्प्याटप्प्याने वाढवत नेले, तशी ८० हर्ट्झजवळची दरी भरून आली आणि डग्ग्याची टप् आणि तिचे अंग पुन्हा एका हातातून निघाल्यासारखे ऐकू येऊ लागले. आलेखात जो उंचवटा अजून उरला आहे तो रुंदीच्या दिशेचा, ५१ हर्ट्झचा. समोरच्या भिंतीच्या मध्यावर तसाच दुसरा सबवूफर ठेवला तर तोही बराचसा मिटेल, कारण समोरासमोरचे दोघे मिळून तो अनुनाद एकमेकांत खोडून टाकतात. त्या दुसऱ्याचे अंदाजपत्रक भाचेसुनेपुढे मांडण्याचे काम मात्र भाच्याने स्वतः करावे, मी त्यात पडणार नाही.